आवाज चढेल तिथे मोठा खिळा

शफी माझ्या छापखान्यात कामाला लागला त्याच दिवशी त्यानं माझ्या दिराचा दात पाडला. हे मी कौतुकानं सांगते आहे, कुणी गैरसमज करून घेऊ नये. यजमान हिवतापानं गेले त्याला वर्षही झालं नव्हतं आणि दीर बैलगाडी घेऊन ट्रेडल मशीन न्यायला आला होता. बाईमाणसानं छापखाना चालवला तर घराण्याची अब्रू जाते, असं त्याचं म्हणणं. शफी नोकरी विचारायला म्हणून दारात उभा होता. त्यानं मला एवढंच विचारलं, "बाई, मशीन कोनाची हाय? तुमची का त्याची?" मी म्हटलं, माझी. पुढचं सगळं इतकं झटपट झालं, की हमालांनी गाडीत मशीनऐवजी दिराला घातलं आणि गाडी आली तशी परत गेली. मी शफीला तिथल्या तिथे कामावर ठेवलं.

तो मूळचा सिरोंच्याचा. गोदावरीच्या पलीकडे एका छापखान्यात छापायच्या अक्षरांचे खिळे जुळवायला शिकला, तेलुगू आधी आणि मराठी मागून. अठ्ठेचाळीसच्या पोलीस कारवाईच्या धामधुमीत नदी ओलांडून परत आला तेव्हा डोक्यात कुऱ्हाडीचा घाव होता. कोणी घातला ते त्यानं कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर तो असा पाही, की पुन्हा विचारायची छाती होत नसे. अंगानं आडवा, मान बैलाची, आणि बोटं मात्र बारीक नि लांब. त्या बोटांनी तो शिशाचे खिळे न पाहता उचलायचा आणि त्याच बोटांची मूठ करून माणसं लोळवायचा. त्याला न घाबरणारी चांद्यात दोनच माणसं होती. एक त्याची बायको खैरुन आणि दुसरी मी. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत.

छापखाना जटपुऱ्याच्या वाटेवर होता. ट्रेडल मी स्वतः पायानं चालवत असे. कामं तीच ती, लग्नपत्रिका, औषधवाल्यांच्या जाहिराती, नाटकांची आणि शंकरपटांची हँडबिलं. धान घरात आलं की झाडीपट्टीत गावोगाव बैलजोड्यांच्या शर्यती लागतात, त्याला आमच्याकडे शंकरपट म्हणतात. पटाला माणसं जमवायची तर हँडबिल पाहिजे, आणि हँडबिल म्हणजे त्यात कोणाचं नाव मोठं, हा प्रश्न आलाच.

या मोठ्या-लहानाचं शफीला भारी वेड होतं. एकदा जंगल खात्याची सागवान लिलावाची इंग्रजी नोटीस छापायला आली. खात्यातल्या बाबूनं समजावून सांगितलं, मथळ्यात दर शब्दाचं पहिलं अक्षर मोठं लावायचं, पण 'ऑफ', 'द', 'अँड' असले शब्द लहानच ठेवायचे. शफी खूश झाला. मला म्हणाला, "म्हंजे इंग्रजालेबी समजते बाई, मालक कोन अन् हमाल कोन." आपल्या लिपीत मोठं अक्षर नाही, म्हणून तो अख्खा शब्दच मोठ्या लाकडी खिळ्यांत लावायचा. 'व', 'आणि', 'यांचे', 'येथे' ही सगळी त्याची हमाल मंडळी, ती बारीकच.

पण मालक कोण हे ठरवायचं कसं? आमच्याकडची जुनी खानदानी माणसं मोडीत लिहीत आणि शफीला मोडी येत नव्हती. तो गिऱ्हाइकाला समोर बसवायचा आणि म्हणायचा, "वाचा जी. गावात सांगता तसंच वाचा." गिऱ्हाईक वाचू लागलं की हा डोळे मिटून ऐकायचा. ज्या शब्दावर वाचणाऱ्याचा आवाज चढेल तो शब्द मोठ्या खिळ्यात, बाकीचे बारीक. मी एकदा हटकलं तर म्हणाला, "कागदाले काय समजते बाई? गळ्याले समजते." आणि खरं सांगायचं तर हँडबिलं झकास व्हायची. मुलीचा बाप लग्नपत्रिका वाचताना मुलीच्या नावाशी आवाज चढवायचा, औषधवाला 'हमखास'वर ओरडायचा, आणि छापून झालं की दोघांनाही वाटायचं, या माणसानं आपल्या मनातलं ओळखलं. कुणी कुरकुरला तर शफी त्याची गचांडी धरून म्हणायचा, "तूच म्हनला ना बे?" मग कुरकुर थांबायची.

ती पंचावन्नची गोष्ट. मूल गावाच्या पलीकडे हळदटोला नावाचं गाव आहे, तिथले गुणवंतराव हँडबिलाचा मजकूर घेऊन आले. मालगुजारी जाऊन वर्षं झाली होती, तरी लोक त्यांना मालकच म्हणत आणि त्यांनाही दुसरं काही ऐकू येत नसे. गावचा पट दरसाल तेच भरवायचे. आदल्या साली त्यांच्याच जुन्या कुळाच्या, रामाजी भोयराच्या जोडीनं त्यांच्या जोडीला हरवलं होतं. जिंकलेल्या बैलाच्या शिंगाला पट भरवणाऱ्यानं स्वतःच्या हातानं शेला बांधायचा, ही तिथली रीत. गुणवंतराव शेला बांधायला वाकले आणि त्या बैलानं मान झटकली. मालकांचं कपाळ फुटलं, आणि सगळा पट हसला. त्या हसण्यापायी गुणवंतरावांनी त्या वर्षात रामाजीचं कुंपण जाळलं, गडी फोडले, विहिरीत मेलेलं कुत्रं टाकलं. रामाजीचं नाव हँडबिलात घालायची त्यांची बिलकूल इच्छा नव्हती, पण पंचांनी सांगितलं होतं, गेल्या सालच्या मानकऱ्याचं नाव आलंच पाहिजे.

मी त्या वेळी वरोऱ्याला होते, बहिणीच्या बाळंतपणाला. पुढचं शफीनंच मला सांगितलं. गुणवंतराव खुर्चीत बसले आणि वाचू लागले. स्वतःचं नाव त्यांनी जाता जाता उरकलं. जन्मापासून ते ऐकत आलेला माणूस, त्यात आवाज काय चढवणार? गावाचं नाव, तिथी, बक्षिसं, सगळं आळसात. मग आला 'गेल्या सालचे मानकरी रामाजी भोयर'. तिथे मालकांचा आवाज असा फुटला, की बाहेर टांग्याचं घोडं बिचकलं.

"प्रूफ पाहून जा जी," शफी म्हणाला.

"मी काय परीक्षेले बसलो का?" म्हणून गुणवंतराव उठून गेले. गठ्ठे न्यायला त्यांनी लटारूला पाठवलं. लटारू त्यांच्या घरचा म्हातारा गडी. त्याला वाचता येत नव्हतं.

मी परतले तेव्हा उरलेलं एक हँडबिल खिळे ठेवायच्या लाकडी केसवर पडलं होतं. वर 'शंकरपट', आणि त्याच्या खाली, आमच्याकडच्या सगळ्यांत मोठ्या लाकडी खिळ्यांत, 'रामाजी भोयर'. गुणवंतरावांचं नाव खाली एका ओळीत हमालांबरोबर बसलेलं. मी ते उचलून शफीपुढे धरलं.

"अरे शफी, पट भरवणारा बारीक आणि पाहुणा मोठा? डोकं फिरलं का तुझं?"

"त्यानंच तसं सांगतलं बाई."

"तोंडानं सांगितलं?"

"तोंडानं नाई. गळ्यानं."

मी त्याला नको नको ते बोलले. तोही बोलला. पण गठ्ठे गेले होते आणि गावोगावच्या बाजारात चिकटलेही होते.

बाजारात हँडबिल कोण पूर्ण वाचतो? मोठं तेवढं वाचतात. रामाजीला लोकांनी सांगितलं, मालकानं तुझं नाव स्वतःपेक्षा मोठं छापलं. रामाजी सरळ माणूस. त्याला वाटलं, मालकाचं मन पालटलं, वैर संपलं, आता उघड बोलवत नाहीत म्हणून कागदावर बोलवून राहिले. तो रडला म्हणे. पटाच्या दिवशी त्यानं बैल सजवले, हार आणि नारळ घेतला, आणि वाजतगाजत हळदटोल्यात शिरला.

गुणवंतरावांनी हँडबिल पहिल्यांदा पाहिलं ते त्याच सकाळी, मोहाच्या झाडाला चिकटवलेलं. त्यांची समजूत अशी झाली, की रामाजीनं छापखान्याला फितवून आपली फजिती केली. एवढ्यात वाजंत्री ऐकू आली आणि रामाजी गर्दीतून थेट त्यांच्याकडे आला. सगळ्यांदेखत पायावर डोकं ठेवून म्हणाला, "मालक, तुमी मले एवढं मोठं केलं. मांगचं सारं गेलं जी. आशीर्वाद द्या."

गुणवंतरावांच्या हातात बैल हाकायची पराणी होती, टोकाला लोखंडी आर लावलेली. रामाजीनं मान वर केली तशी त्यांनी ती त्याच्या तोंडावर मारली. आर डोळ्यात गेली.

मग तिथे माणूसपण उरलं नाही. रामाजीचा भाऊ धावला, त्याला लाठ्यांनी झोडपलं. दोन्हीकडची माणसं एकमेकांवर तुटून पडली, छकड्यांची जुवं उपसून मारामारी झाली. बायका पोरं उचलून धानाच्या बांध्यांतून पळाल्या. ज्या बैलानं आदल्या साली मान झटकली होती, त्याच्या मागच्या पायाची शीर गुणवंतरावांच्या माणसानं कुऱ्हाडीनं तोडली. बैल बसल्या जागी हंबरत राहिला आणि लोक त्याच्याभोवती लढत राहिले. शेवटी कुणीतरी त्याच्या मानेवर घाव घालून त्याला मोकळं केलं. हे सगळं मला लटारूनंच नंतर सांगितलं.

रामाजीला बैलगाडीनं चांद्याच्या दवाखान्यात आणलं. डोळा गेला तो गेलाच. जमादार जबानी घ्यायला आला तेव्हा रामाजी म्हणाला, "बैलाचं शिंग लागलं जी." घरदार हळदटोल्यात होतं त्याचं, दुसरं काय म्हणणार?

आणि बाजारभर निरोप फिरला, गुणवंतराव छापखानेवाल्याची बोटं तोडणार.

खैरुन माझ्याकडे आली. "बाई, इनको समझाव. सिरोंच्याले जाऊ म्हनते मी, माहेरी राहू. बोटं गेली तर खातीन काय हे?" मी शफीला समजावलं. जा बाबा, पाऊस लागेपर्यंत जा, मशीन कुठे पळत नाही. तो लाकडी खिळे पुसत होता. म्हणाला, "मी एकदा पळालो बाई, नदी पार करून. पुन्हा नाई पळत." मला त्याचा असा राग आला, की हातातली शाई पसरायची पट्टी मी त्याच्या अंगावर फेकली. आज इतक्या वर्षांनीही तो राग गेलेला नाही. सिरोंच्याला गेला असता तर त्याचं काय बिघडलं असतं?

ते भरदुपारी आले. गुणवंतराव, त्यांची लाठ्या घेतलेली माणसं, आणि मागे ओढत आणलेला लटारू. पहिल्यांदा त्यांनी केसेस पाडल्या. शिशाचे खिळे जमिनीवर असे सांडले, की पाय टाकायला जागा राहिली नाही. माझ्या नवऱ्यानं जन्म घालवून जमवलेली ती अक्षरं. मी ओरडले, शिव्या घातल्या, पण ऐकतो कोण. शफीनं फर्म्याची, म्हणजे जुळवलेले खिळे आवळून धरायची, लोखंडी चौकट उचलली आणि पहिल्या माणसाच्या जबड्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला मशीनपाशी आला. दुसऱ्याला त्यानं भिंतीवर आपटलं. तिसऱ्याची लाठी हिसकून त्याच्याच गुडघ्यावर मारली. मग सगळे एकदम पडले त्याच्यावर. डोक्यावरच्या जुन्या घावावर लाठी बसली आणि तो गुडघ्यावर आला. त्याला फरफटत ट्रेडलपाशी आणलं आणि उजवा हात मशीनच्या जबड्यात धरला, जिथे कागद ठेवतात तिथे.

"बाई," गुणवंतराव मला म्हणाले, "पाय मारा."

मी त्यांच्या तोंडावर थुंकले.

शफीच्या डोक्यातलं रक्त डोळ्यांत ओघळत होतं. तो म्हणाला, "मालक, हात तुमच्याजवळच हाय. पन एक वेळ वाचा. ते हँडबिल वाचा, तवा वाचलं तसं. या समद्यायले ऐकू द्या मी काय ऐकलं ते."

"माह्यावर उपकार करतं का बे?"

"भेता का जी वाचाले?"

आपल्या माणसांदेखत भेता का म्हटल्यावर गुणवंतराव मागे हटणार नव्हते. त्यांनी केसखालचं हँडबिल उचललं आणि वरचं मोठं नाव सोडून खालच्या ओळीपासून वाचायला लागले. श्रीमंत गुणवंतराव बापूजी, सपाट. हळदटोला, सपाट. मला दिसत होतं, वर राहिलेलं नावही सपाटच वाचायचं असं त्यांनी ठरवलं आहे. ते त्या नावापाशी थांबले, घसा खाकरला. आणि 'रामाजी' म्हणताना त्यांचा गळा पुन्हा फुटला, मान फुगली, थुंकी उडाली. इच्छा नसतानाही.  लाठीवाले एकमेकांकडे पाहू लागले.

"मालक," लटारू हळूच म्हणाला, "तुमीच मोठ्यानं म्हनता जी त्याचं नाव. घरीबी. झोपेतबी."

गुणवंतरावांनी म्हाताऱ्याच्या तोंडात अशी मारली, की तो सांडलेल्या खिळ्यांवर पडला. आणि मग स्वतः ट्रेडलवर पाय ठेवला. मी फर्मा ठोकायचा लाकडी हातोडा घेऊन धावले आणि त्यांच्या कानशिलात घातला. ते पडले, पण चाक फिरलं होतं. मशीनचा जबडा मिटला. शफी ओरडला नाही, हेच मला सहन होत नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याची बोटं काढली. अंगठा राहिला. रामाजीची खाट शेजारीच होती, डोळ्यावर पट्टी बांधलेली. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. ज्याचं नाव त्यानं इतकं मोठं लावलं तो हाच, हे मी शफीला सांगितलं. शफीनं नुसतं पाहिलं आणि कूस वळवली.

गुणवंतरावांचा निरोप माझ्या आधी खैरुनपर्यंत पोचला होता. मशीनमध्ये हात चुकून सापडला असं सांगा, मग पुढं काही नाही. नाहीतर घर जाळू, आणि घरात कोण आहे ते पाहणार नाही. खैरुन खाटेला धरून बसली होती. जी शफीलाही कधी घाबरली नव्हती, ती आता त्याला म्हणत होती, "चुकून झालं म्हना. माही शपथ हाय तुमाले. बोटं तं गेलीच, आता मले तरी जिती ठेवा."  मला वाटत होतं त्यानं नाव घ्यावं, आणि वाटत होतं घेऊ नये. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं.

जमादार वही-पेन्सिल घेऊन आला. गुणवंतराव पडवीत येऊन उभे राहिले, कानाला पट्टी, हातात केळ्यांचा घड, आजाऱ्याच्या भेटीला आल्यासारखे. दार उघडंच होतं. येऊन उभं राहण्यामागचा हेतू सगळ्यांना समजत होता.

"कोनं केलं?" जमादारानं विचारलं.

 शफीचा स्वभाव मला ठाऊक. आता हा गर्जणार, उठणार, तसल्या हातानं त्या माणसाच्या नरड्याला जाणार. खैरुननं त्याच्या छातीवर हात दाबून धरला.

शफी निजल्या निजल्या म्हणाला, "गुणवंतराव."

इतक्या बारीक आवाजात, की जमादाराला वाकावं लागलं. रागाचा लवलेश नाही. मीठ संपलं असं घरात सांगावं, तसं.

"कोन?" जमादार म्हणाला.

"गुणवंतराव. हळदटोल्याचे." पुन्हा तेवढंच.

पडवीतून गुणवंतराव आत आले. चेहरा काळाठिक्कर. "काय म्हनला तू? कोनाचं नाव घेतलं? मोठ्यानं सांग बे, हिंमत असंन तं मोठ्यानं सांग!"

शफीनं त्यांच्याकडे पाहिलं. "एवढंच हाय जी तुमचं नाव," तो म्हणाला.

 गुणवंतरावांना शिव्यांची सवय होती, शापांची होती, पाया पडणाऱ्यांची होती. याची नव्हती. शेजारच्या खाटेवर हालचाल झाली. रामाजी भिंतीला धरून उठून बसला. 

"जमादारसाहेब," तो म्हणाला, "माहं बयान चुकलं होतं. शिंग नोतं लागलं. माह्या डोळ्याचंबी तेच नाव लिहा."

जमादारानं एकदा गुणवंतरावांकडे पाहिलं, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहायला बसला.